खडखड्याची माती

खडखड्याला माणूस काय बोलतो ते कधी ऐकू आलं नाही; माणूस वाजतो कसा, तेवढंच ऐकू यायचं. आमच्या चुलत आजोबांना दम्यानं घेरलं तेव्हा सगळं कुरुंदा गाव त्यांना बघून गेलं. कुणी अंगारा आणला, कुणी काढा आणला. खडखड्या आला तो आजोबांच्या छातीला कान लावूनच बसला आणि डोळे मिटून म्हणाला, "वा! आण्णा, अजून एक डाव घ्या न श्वास." आजोबांनी श्वास घेतला नाही, चप्पल घेतली. तोवर याचं ऐकून झालेलं होतं.

खडखड्या हे गावानं ठेवलेलं नाव. पुण्यामुंबईच्या पेपरात त्याच्या खऱ्या नावाआधी 'यंत्रसंगीताचा जनक' असं छापून यायचं. ज्याला जन्मभर सायकलची उतरलेली चेन बसवता आली नाही, तो यंत्रसंगीताचा जनक! काही पेपरवाले त्याला भोंदूही म्हणायचे. ती कात्रणं तो जास्त जपायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. शिव्यांनी मोठा झालेला मी पाहिलेला हा एकच माणूस.

तो माझा वर्गमित्र. त्याची आई तो लहान असतानाच गेली. बाप तऱ्हेवाईक, घरात चूल पेटली तर पेटली. त्यामुळं तो आमच्या मायच्या हातचं खाऊन वाढला. माझ्या ताटातली अर्धी भाकरी त्याच्या ताटात जायची आणि माय म्हणायची, "खाऊ दे रं, लेकरू हाय." हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्याची किंमत त्याशिवाय कळायची नाही.

माझा धंदा मोटार रिवायंडिंगचा. जळालेल्या मोटारीत नवी तार भरायची, घासलेली बेरिंग बदलायची, मोटार गुमान चालायला लागली की शेतकऱ्याच्या हवाली करायची. म्हणजे मी आवाज बंद करून पोट भरणारा. हा नेमका मी मोटार खोलायला घेतली की दुकानात टपकायचा. "काहून खोलून राहिला गड्या तिला? आत्ता कुठं बोलाय लागली ती." शेतकरी बिचारा बाजूला उभा, रानात त्याची हळद पाण्यावाचून माना टाकतेय, आणि हा मोटारीला माईक लावून बसलेला. एकदा एका शेतकऱ्यानं त्याला विचारलं, "मालक, तुमाला शेतीबिती न्हाई का काई?" खडखड्यानं त्याच्या आवाजाची तारीफ केली.

त्याचं संगीत म्हणजे काय, तेही सांगतो. आमच्याकडं हळद शिजवून वाळवली की लोखंडी ढोलात घालून फिरवतात, मग तिची साल निघून ती चकाकते. त्या ढोलाची खडखड आम्ही दर उन्हाळ्यात सोसतो, कारण त्यात आमची भाकरी असते. यानं ती खडखड रेकॉर्ड केली, तिच्यावर पत्रा कापायचा आवाज चढवला, खाली माझ्या दुकानातली बेरिंग गेलेली मोटार घातली, आणि असल्या गोंधळाला लोक परदेशात बोलावून टाळ्या वाजवू लागले. हिंगोलीला एकदा त्यानं कार्यक्रम ठेवला. पहिल्या रांगेत मोंढ्यातले व्यापारी होते, सत्काराला आलेले. थोड्याच वेळात त्यातला एक जण मला म्हणाला, "मशीन बिघडली वाटतं. तुमी बघता का जरा?" मग लाइट गेली. सगळं शांत झालं आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. खडखड्या अंधारात वाकून नमस्कार करत राहिला.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. माझे वडील गेले तोवर मीही हसतच होतो.

आमची माय रडण्यासाठी पंचक्रोशीत नावाजलेली. हे ऐकून शहरातल्या माणसाला चमत्कारिक वाटेल, पण आमच्याकडं मयताजवळ बायका हेल काढून रडतात, आणि त्या रडण्यात मेलेल्या माणसाचं अख्खं आयुष्य येतं. त्यानं काय सोसलं, कुणाला दुखवलं, काय अर्धवट ठेवून गेला, सगळं. गाऱ्हाणंही त्यातच आणि मायाही त्यातच. मायचं रडणं सुरू झालं की दगडासारखे गडी वळचणीला जाऊन डोळे पुसायचे. कुणाच्याही घरी मयत झालं की तिला आधी निरोप यायचा. न रडता माणूस वाटेला लावू नये, असं ती म्हणायची.

वडिलांच्या मातीला खडखड्या पुण्याहून आला; नाव झाल्यापासून तो तिकडंच राहायचा. मांडीवर पिशवी घेऊन, मान खाली घालून मायच्या अगदी जवळ बसला. मला वाटलं, अन्नाला जागला. तो पिशवीतल्या मशीनचे आकडे बघत होता.

पुढं काही महिन्यांनी हिंगोलीच्या एस.टी. स्टँडसमोर चहा पीत होतो, तेव्हा शेजारच्या पोरांच्या मोबाईलमधून हळदीच्या ढोलाचा आवाज आला आणि त्या ढोलातून माझी माय रडायला लागली. वडिलांचं नाव घेऊन, त्या दोघांतच राहावं असलं काही बोलत. ती पोरं हसत होती. त्यातल्या एकानं तिच्या हेलाची नक्कल केली. मी चहा तसाच टाकून उठलो. त्या तुकड्याला बाहेर कुठंतरी बक्षीस मिळालं होतं, हे नंतर कळलं.

मी पुण्याला जाऊन त्याला गाठलं. म्हटलं, "काढून टाक ते." तर मला समजावू लागला. "गड्या, ते रडणं आता तिचं एकटीचं न्हाई राहिलं. ते दुनियेचं झालं."

"मंग तुझा बाप मेला तवा तुझं रडणं काहून न्हाई दिलं दुनियेला?"

"मला रडता येत न्हाई," तो म्हणाला. लाजून नव्हे. जणू ही एक पदवीच होती. मी त्याच्या तोंडावर थुंकलो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

गावात ते सगळ्यांच्या मोबाईलवर फिरलं, तसं मायच्याही कानावर पडलं. ती त्याला काही बोलली नाही. त्यानंतर फक्त रडायची बंद झाली. तिची सख्खी बहीण गेली तेव्हा पदर तोंडात कोंबून भिंतीकडं तोंड करून बसली. मी विचारलं तर म्हणाली, "कोणाच्या पिशवीत काय असंल, काय सांगावं बाबा." त्या दिवशी तिचा चेहरा बघवत नव्हता. बाहेर न पडलेलं रडणं माणसाला आतून कसं पोखरतं, ते मी माझ्याच घरात पाहिलं. आणि हा निर्लज्ज गावी आला की पुन्हा आमच्याच ओसरीवर जेवायला! माय वाढायचीसुद्धा. मी धुसफुसलो की म्हणायची, "पोटाशी काय वैर."

शेवटी आजारी होऊन तो गावाबाहेरच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन राहिला आणि तिथंच मेला. मातीला पुण्याहून त्याचे चेले आले. दोन पोरं आणि एक पोरगी, काळ्या कपड्यांत. आल्या आल्या त्यांनी मयताच्या उशाशी तीन पायांचं तिकाटणं उभं केलं आणि त्यावर केसाळ टोपडं घातलेला माईक बसवला. गुरूची शेवटची इच्छा होती म्हणे. गावच्या बायका भोवती बसल्या, माईककडं बघितलं आणि तोंडाला पदर लावून गप्प झाल्या. एकीचाही आवाज निघेना. मला मनापासून बरं वाटलं. म्हटलं, घे, कर रेकॉर्ड.

तेवढ्यात काठी टेकत माय आली. माईकपाशी थांबली. "हेच का ते?" तिनं मला विचारलं.

"हेच," मी म्हणालो.

तिनं खाटेवरची त्याची वाकळ उचलली. तिकाटण्यावरून माईक काढला आणि तान्ह्या लेकराला गुंडाळावं तसा त्या वाकळीत घडीवर घडी घालून गुंडाळला. ते गाठोडं तिनं त्या पोरीच्या हातात दिलं. "धर बाई. बाहीर घेऊन जाय. निजलंय ते." पोरगी गेली. मग मायनं माझ्याकडं बघितलं. मी एक टोपलं घेऊन दारात उभा राहिलो आणि सगळ्यांचे मोबाईल त्यात जमा केले, गावच्या पोरांचेसुद्धा. टोपलं दूर लिंबाखाली नेऊन ठेवलं.

आणि माय रडली. इतक्या वर्षांचं साठलेलं, गळा मोकळा सोडून, त्या नालायकाचं डोकं मांडीवर घेऊन रडली. मला त्याचा अतिशय राग आला. हे रडणं त्याच्या वाट्याला यावं अशी त्याची लायकी नव्हती. पण मी पाहिलं, तिचा चेहरा हळूहळू पूर्वीसारखा होत गेला, आणि मी मुकाट्यानं वळचणीला जाऊन उभा राहिलो.

आता कधीकधी दुकानात मोटार आली की खोलायच्या आधी मी क्षणभर नुसता ऐकत बसतो. मग भान येतं आणि त्याला एक शिवी हासडून पाना हातात घेतो. एवढीच त्याची कमाई.

त्या दिवशी गाडीत बसताना त्या पोरीनं मला विचारलं होतं, "काका, रडताना आजी त्यांना काय म्हणत होत्या?" मी तिला सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही. मला त्यातला शब्द न् शब्द पाठ आहे. पण तो इथं लिहिला, तर त्याच्या पिशवीत आणि माझ्या वहीत फरक काय राहिला?