खरी अनाथ दाखवा!

मंडळी, दुपारी जे घडलं ते इथे ओकून टाकते.

मालवणजवळच्या मुलींच्या बालगृहात मी स्वयंपाक करते. आज एक बाई लेकाच्या वाढदिवसाचा केक आणि एक मोठी बाहुली घेऊन आल्या. बाहुली नऊ वर्षांच्या गौरीच्या हातात दिली, मोबाइल समोर धरला आणि विचारलं, "आईची आठवण येते का गं?"

गौरी म्हणाली, "आई येता भेटाक. ती फोंड्याक काजूच्या कारखान्यात आसा."

बाईंचा चेहराच पडला. "म्हणजे ही अनाथ नाही?" बाहुली काढून घेतली. "जिचं खरंच कोणी नाही, अशी दाखवा ना!"

शेजारी उभी असलेली सुमन चटकन पुढे झाली. "माका कोणच नाय."

बाहुली तिला मिळाली. व्हिडिओत बाई रडल्यासुद्धा. आणि मी? केक वाटत राहिले. माझीच मला शिसारी आली.

सुमनची आजी दर रविवारी मसुऱ्याहून येते, नातीसाठी पदरात गुळाचं खाजं बांधून.

गोष्टीतल्या अनाथ पोरीला शेवटी हरवलेलं माणूस सापडतं. आमच्या पोरीला बाहुलीपायी असलेलं माणूस नाही म्हणावं लागलं.

परवा रविवार. आजी विचारणारच, "बावली कोणी दिल्यान गो?"

मी काय सांगू? तुम्हीच सांगा.