लाल शाईतली समता

आमचे हे महाळुंग्यातल्या एका कंपनीत माल तपासायला होते. चांगल्या मालाला हिरवा शिक्का, खराब मालाला लाल. लाल लागला की माल थेट भंगारात. घरातही तीच भाषा. भाकरी करपली की ताट पुढे सरकवून नुसतं "लाल" म्हणायचे. मी काही ऐकून घेणारी नव्हे. खायची तर खा, दुसरी मिळणार नाही, असं सुनवायची.

मग माल तपासायला कंपनीने कॅमेरा बसवला आणि ह्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. तेव्हापासून घरात हूं की चूं नाही. विचारलं तर मान हलवायचे, नाहीतर उठून बाहेर जायचे.

लेक पुण्यात चित्रकला शिकते. बापाला पुन्हा मान वर करून चालताना बघायचं, असं तिने मनावर घेतलं होतं. कंपनीचा जुना युनिफॉर्म घालायला लावून तिने ह्यांना निघोज्यातल्या आमच्या घराच्या दारात उभं केलं. फोटो माणसाएवढा छापला. चाकणहून रबरी शिक्का करवून आणला आणि बाप कुणाहून कमी नाही हे सांगायला फोटोवर अंगभर एकच शब्द उमटवला: समता.

वाकडच्या प्रदर्शनात ते चित्र लागलं. हे इस्त्रीचा शर्ट घालून आले, पण दारातूनच चित्र दिसलं आणि जागीच थांबले. छाती, हात, कपाळ, सगळीकडे लाल शिक्के.

"मला रिजेक्ट केलंस व्हय गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

तिला आधी कळेचना. लाल शाई तिने उठून दिसावी म्हणून घेतली होती. कळलं तशी ती तिथेच रडायला लागली. मला तिचा रागही आला आणि कीवही आली. ज्या घरात लहानाची मोठी झाली तिथली भाषा पोरगी विसरली कशी?

मी ह्यांना म्हटलं, जवळ जाऊन वाचा तरी. त्यांनी चष्मा लावून एकेक शिक्का वाचला. लेक डोळे पुसत म्हणाली की हे उतरवते, हिरव्या शाईत नवं करते.

"नको. हिरवा मारलास तर खोटं व्हईल. समता कुठं पास झाली, बाय? तीबी माझ्यासंगं भंगारातच गेली की. हाय तसं ऱ्हाऊ दे."

नोकरी गेल्यापासून ते एवढं पहिल्यांदाच बोलले होते. त्यांनी बोलावं म्हणून आम्ही दोघी आसुसलो होतो, आणि बोलले ते हे असं. लेकीने चित्र होतं तिथेच राहू दिलं.