उरलेल्या कॅप्सूल

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या वर राहणाऱ्या काकू उरलेली औषधं बिस्किटांच्या डब्यात साठवत. कुणी खोकलं, की केबलवरची मालिका अर्धी टाकून डबा घेऊन जिना उतरत.

"डॉक्टरही बिल्कुल हेच देतो. घ्या."

बाबांच्या हृदयाची झडप बदलली होती; ते रक्त पातळ ठेवायची गोळी घेत. त्यांच्या खोकल्यावर काकूंनी डब्यातल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल दिल्या. आठवड्याच्या आत नाकातून रक्त सुरू झालं, ते थांबेचना.

"या कॅप्सूलनं त्या गोळीचा जोर वाढलाय," डॉक्टर म्हणाले. "रक्त गोठतच नाहीये."

काकू बाबांच्या उशाशी रडत बसून राहिल्या. रक्त थांबल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि हळूच मला विचारलं, "उरलेल्या कॅप्सूल फेकल्या नाहीस ना? खालच्या आंटींना ताप आहे."