शनिवारचा अंगठा

दादाने माझं मनगट धरलं आणि अंगठा शाईच्या पॅडवर दाबला. मी मूठ आवळली. शाई तळहाताला लागली, लुगड्याला लागली, कागद कोरा राहिला. "बोट उघड," तो म्हणाला आणि त्याने मनगट पिरगाळलं. सख्खा थोरला भाऊ, सत्तरीच्या बहिणीचं. तेही शब्बाथच्या सकाळी, अर्ध्या तासापूर्वी ज्या टेबलावर तोरा वाचली त्याच टेबलाशी.

आम्ही बेने इस्राएल, इथलेच मराठी ज्यू. आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असे, म्हणून मारुंजीत आम्हाला शनवार तेली म्हणत. शनिवार म्हणजे आमचा शब्बाथ, त्या दिवशी आम्ही लिहीत नाही, विस्तव पेटवत नाही, गाडीत बसत नाही. पुण्याचं सिनेगॉग चालत जाण्याइतकं जवळ नाही, तेव्हा दादा घरीच पराशा, म्हणजे तोरा या आमच्या धर्मग्रंथाचा त्या आठवड्याचा भाग, मराठीतून वाचतो. त्या शनिवारी पाच बहिणींचा भाग होता. त्यांचा बाप मेला, भाऊ नव्हता. त्या मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि बापाच्या जमिनीत वाटा मागितला.

दादाने ते ठासून वाचलं, पुस्तक मिटलं आणि ओट्यावर बसलेल्या बिल्डरच्या एजंटला आत घेतलं. कागद हक्कसोडपत्राचा होता. वडिलांमागे सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं लागलेली: दादाचं, माझं, धाकट्या बहिणीचं. आम्ही दोघींनी हक्क सोडला की जमीन दादाची, मग बिल्डरची. त्या जमिनीत माझी खोली आहे. नवरा गेल्यापासून मी तिथेच राहते. दुसरी जागा मला नाही.

मी म्हणाले, "आज शनवार हाय. पेन धरायचं न्हाई."

दादा म्हणाला, "पेन कुटं हाय? अंगठा लावायचाय. अंगठा म्हंजी लिवनं न्हवं."

एजंट हसला. "मावशी, तुमचा देव लई सोयीचा हाय की."

त्याचा मला राग आला नाही. तो पोटासाठी हिंडणारा माणूस. राग आला दादाचा. मी चौथी शिकले आहे. बँकेत, रेशनच्या दुकानात सही करते. देवाला चुकवायचं म्हणून त्याने मला अडाणी केलं.

"आत्ता काय वाचलंस? बहिणींनी वाटा मागितला, त्यो मिळाला."

"त्यांना भाऊ न्हवता. तुला हाय."

खरं होतं. पुस्तकात तसंच आहे, मुलगा असला तर मुलालाच. त्या पुस्तकाचाही मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. पण मोशेने त्या बायांना हाकललं नाही. स्वतःच्या मनाने निवाडाही दिला नाही. तो देवाला विचारायला गेला.

"मोशेनं इचारलं," मी म्हणाले. "तू कुनाला इचारलंस? आमाला तरी?"

तेव्हा त्याने मनगट धरलं.

बहीण दाराशी रडत होती. "आक्का, दे की गं. माहेर तुटंल आपलं."

"तुला माहेर हाय. मला घर हाय हे."

तिने पुढे होऊन अंगठा लावला, प्रत्येक पानावर, नीट दाबून. ती तर सातवी शिकलेली.

दादाचा हात तिच्या कागदाकडे वळला तसा मी माझा सोडवून घेतला, खोलीत गेले आणि कडी लावली. सोमवारी दादा आणि बहीण कागद नोंदवायला निबंधकाच्या कचेरीत गेले. मी गेले नाही. बिल्डरचं अडलं ते अडलंच. दादाने माझ्या खोलीचं पाणी तोडलं. मी शेजारून भरते. शनिवारी तो अजून वाचतो, भिंतीपलीकडे, मोठ्याने. मला बोलावत नाही. ऐकू तर येतंच. एखादी ओळ गाळली की मी भिंतीवर हात मारते.

बहीण गेल्या वर्षी वारली. त्या शनिवारनंतर दादाने तिला एकदाही घरी आणलं नव्हतं. दादा आहे. मी आहे, त्याच खोलीत.