मी येतो

श्रवण हे ज्ञानाचे महाद्वार आहे, असे प्रमुख पाहुणे म्हणाले आणि त्याच क्षणी माइक किंचाळला. अकोल्याच्या त्या सभागृहात सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. पाहुण्यांच्या कडेवर बसलेली आमची मुलगी तेवढी शांतपणे त्यांच्या हारातली शेवंती खात होती. ती जन्मापासून बहिरी. ऐकू यावं म्हणून तिच्या डोक्यात यंत्र बसवून झालं होतं, पण जखम भरायची होती म्हणून ते अजून सुरू केलेलं नव्हतं. या चिमुकलीला आजपासून कोकिळेचं गाणं ऐकू येणार, असं पाहुण्यांनी जाहीर केलं. तिला काहीही ऐकू येत नव्हतं. फोटो मात्र चांगला आला.

पुढे यंत्र सुरू झालं आणि बडनेऱ्याहून दर आठवड्याला आमच्या अकोल्याच्या वाऱ्या लागल्या. तिथल्या केंद्रात बोलायला शिकवणाऱ्या मॅडम पुण्याकडच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मुलीशी सतत बोला. जे कराल ते सांगत करा."

हा आदेश माझ्या सासूबाईंनी मनावर घेतला. आमचा भाजीचा मळा. त्यांचा जन्म बाजारात गिऱ्हाइकांशी बोलण्यात गेलेला, त्यात आता डॉक्टरी परवानगी मिळाली. "हे पाह्य माय, मी वांगं चिरतो. वांग्यात अळी हाय. मी अळी फेकतो. मुर्दा बसो अळीचा." मुलगी त्यांच्यासमोर बसून सगळं ऐके, एकूण एक अळी बघे आणि काही बोलत नसे. असे कित्येक महिने गेले.

मग एका सकाळी मी अमरावतीला कॉलेजच्या ग्रंथालयात, म्हणजे नोकरीवर निघाले होते. चपला घालत होते. मागून आवाज आला, "मी येतो."

मी उंबऱ्यावर बसले.

"बसली काहून?" सासूबाई म्हणाल्या. "येतो म्हणते तं ने ना तिले."

त्या आठवड्यात मी अकोल्याला जरा मिरवतच गेले. मॅडम मुलीला म्हणाल्या, "मी बाहेर जाते हं बाळा. तू येतेस?"

"मी येतो."

"मी येते," मॅडमनी सुधारलं.

"मी येतो."

"येते. ये-ते."

शेवटी मुलीने आवाज चढवला, समोरच्याला कमी ऐकू येतं असं वाटल्यावर आपण चढवतो तसा. "मी येतो!"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "हिला शेवटचा 'ए' ऐकूच येत नाहीये. मुलगी असून 'येतो' म्हणते. यंत्राचा आवाज वाढवावा लागेल." मी 'पण' म्हणाले. माझ्या 'पण'चा आवाज कमी पडला. शेजारच्या खोलीत एका तरुणाने मुलीचं यंत्र संगणकाला जोडलं आणि आवाज वाढवून दिला. तेवढ्यात मॅडम दुसऱ्या मुलाकडे गेल्याही होत्या.

घरी ताटली पडली की मुलगी सगळी हादरायची. कुकरची शिट्टी झाली की किंचाळायची. डोक्याला चुंबकाने चिकटणारा यंत्राचा गोल तुकडा तिने काढला आणि लोखंडी कपाटाला चिकटवून टाकला. मी परत लावला. तिने परत काढला. मी लावला की ती रडायची. सासूबाई तिच्यासमोर मुक्याने भाजी निवडायला लागल्या. "मी बोललो का पोरगी रडते," त्या म्हणाल्या आणि मळ्यात निघून गेल्या. मुलगी पुन्हा गप्प झाली. बोलणं शिकायचं वय थांबून राहत नाही, हे याच केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. कपाटाला मात्र आमच्याकडे उत्तम ऐकू येत होतं.

पुढच्या खेपेला बाकावर माझ्या शेजारी धामणगावची एक आई बसली होती. ती उठली. "ताई, आमचा नंबर आला तं आवाज द्याल. मी पाणी पिऊन येतो."

तिच्या कानांत काही बिघाड नव्हता. अंगावर साडी होती आणि ती 'मी येतो' म्हणाली होती. वऱ्हाडात बाया असंच बोलतात. सासूबाई बोलतात. कॉलेजातून घरी आल्यावर मीही बोलते, म्हणजे बोलतो. इतकं बोलतो की ते आम्हाला ऐकूच येत नाही. ते ऐकू आलं होतं फक्त आमच्या बहिऱ्या मुलीला.

मी नंबराची वाट न बघता मुलीला घेऊन आत गेले.

"मॅडम, आमच्याकडे बायका 'मी येतो'च म्हणतात."

"म्हणजे घरी तुम्ही शुद्ध बोलत नाही?"

"बोलतो," मी म्हणाले.

"अहो, मुलांच्या कानावर चुकीचं पडू देऊ नका. पुढे शाळेत हसतात."

"शाळेत सगळ्या 'येतो' म्हणणाऱ्याच आहेत. हसतील कोणाला? तिची कवटी कोरून यंत्र बसवलं ते कानावर पडेल ते तिनं बोलावं म्हणूनच ना? ती बोलली. अक्षर न् अक्षर बरोबर बोलली. तुम्ही तिचं ऐकणं बिघडवलं, का, तर तिची आजी पुण्याची नाही म्हणून."

"तुम्ही भावनिक होताय."

भावनिक म्हणजे बरोबर असलेली बाई, हे मला नोकरीतून आधीच ठाऊक होतं. "आवाज खाली आणा," मी म्हणाले. "आत्ता. नाही तर मी इथून हलत नाही, आणि बाहेर बसलेल्या सगळ्या आयांना 'मी येतो' म्हणायला लावून एकेक करून आत आणते."

मॅडमनी आम्हाला शेजारच्या खोलीत नेलं आणि त्या तरुणाने आवाज खाली आणला. तुकडा डोक्याला लावला. मुलगी रडली नाही. खिडकीबाहेर ऑटोचा भोंगा वाजला तिकडे तिने मान वळवली आणि परत फिरवली.

आता तपासणी. ओठ वाचता येऊ नयेत म्हणून मॅडमनी तोंडासमोर पुठ्ठा धरला आणि अगदी हळू, मलाही जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू, विचारलं, "बाळा, तू माझ्याकडे येतेस?"

मुलीने पुठ्ठ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "नाई."

मॅडमनी पुठ्ठा खाली घेतला आणि संगणकावरच्या तरुणाला सांगितलं, "हिला 'ह' ऐकू येत नाहीये."