लांबचा आधी

"लांबनं कोण आलंय? त्यानं आधी बोलायचं." बैठक कसलीही असो, अण्णांचं पहिलं वाक्य हेच. म्हणता म्हणता ते शर्टावर चिकटलेले सुताचे धागे वेचायचे. ते वेचून होईपर्यंत दुसऱ्या कुणाची तोंड उघडायची छाती व्हायची नाही.

ही त्यांच्या वडगावच्या विणकरांची रीत. ज्याला घरी पोचायला सगळ्यात उशीर होतो, त्याचं म्हणणं आधी ऐकायचं. नाहीतर जवळचे बोलत बसतात आणि लांबचा नुसती मान हलवून बस गाठतो. तुम्हीही अशा बैठकांना बसला असाल. मान हलवणारे लगेच ओळखू येतात.

मी त्यातलीच. विणकाम प्रशिक्षण केंद्रात शिकवायला लागले तेव्हा सदलग्याहून दोन बस बदलून यायची. पहिल्या बैठकीत शेवटची खुर्ची धरली. अण्णा आमचे मुख्य शिक्षक. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं आणि सगळे माझ्याकडं वळले. मी काय बोलले ते माझं मलाच ऐकू गेलं नाही.

"घाई न्हाय आक्का," अण्णा म्हणाले. "मागच्या भिंतीपतोर जाऊ दे आवाज."

त्याआधी दोन नोकऱ्या केल्या होत्या. माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

अण्णा हातमाग शिकवणाऱ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेचे जुने सभासद. सभासद जगभरचे, पण कार्यकारिणी फिरून फिरून त्याच चार देशांची. कारण सर्वसाधारण सभा परदेशात व्हायची आणि जो सभागृहात हजर, त्यालाच मत. अण्णांची धाव बेंगळूरपर्यंत.

"चार घरांनी अख्ख्या वडगावचं ठरवायचं आन् बाकीच्यांनी नुसते माग हाणायचे, असलं हाय हे," ते म्हणायचे. त्या कार्यकारिणीत एकदा बसायची त्यांना फार इच्छा होती आणि त्यांनी ती कधी लपवली नाही. केंद्रातल्या पोरी त्यांना चेष्टेनं 'अध्यक्ष' म्हणायच्या. ते ओ द्यायचे.

शेवटी त्यांनी संघटनेच्या घटनेत दुरुस्ती मांडायची ठरवली. मुद्दे त्यांचे, इंग्रजी माझं. घरी बसून मत देता यावं आणि त्यासाठी आठ दिवस मिळावेत. जगाच्या प्रत्येक भागाला कार्यकारिणीत एक जागा असावी. त्या जागेवर पहिली पाळी, ज्या देशातून आजवर कुणीच गेलं नाही त्याची. पाठिंब्याच्या सह्यांसाठी अण्णा देशोदेशीच्या शिक्षकांना आधी आपल्या विणीचा फोटो पाठवायचे, मग मुद्द्यावर यायचे. लाओसच्या एका बाईंशी त्यांचं चांगलं जमलं. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळं गैरसमजाला जागा नव्हती.

मसुदा पाठवायच्या आदल्या दिवशी मला जुन्या कार्यकारिणीची यादी सापडली. पंचवीसेक वर्षांपूर्वी दिल्लीचे कुणी गृहस्थ एक वर्ष तिथं बसून आले होते. म्हणजे पहिली पाळी आपली नव्हे. अण्णांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं आणि निवृत्तांना उभं राहता येत नसे.

"अण्णा, 'गेल्या वीस वर्षांत कुणी नाही' असं लिहूया. कुणाला कळणार आहे?"

त्यांनी बाहीवरचा एक धागा काढला, बोटाला गुंडाळला.

"मला कळंल की," ते म्हणाले. "आपल्यापुरता केला तर त्यो नियम कसला? ती सोय झाली. हाय तसं धाड."

मी धाडलं. मला त्यांचा रागच आला होता.

सह्यांचा ढीग बघून सभेनं दुरुस्ती मंजूर केली. आमच्या भागाची जागा लाओसच्या बाईंना मिळाली. अण्णांनी केंद्रभर कुंदा वाटला, स्वतः मात्र खाल्ला नाही. साखर वाढलीय म्हणाले. साखर त्यांना कधीच नव्हती. त्या दिवशी कुणी त्यांना 'अध्यक्ष' म्हटलं नाही.

निवृत्तीनंतर चार महिन्यांत अण्णा गेले.

शोकसभा केंद्रातच झाली. एक वयस्क विणकर उठले आणि सवयीनं म्हणाले, "लांबनं कोण आलंय?" माना माझ्याकडं वळल्या. मी हातातला फोन वर धरला. त्यात व्हिडिओ कॉलवर लाओसच्या बाई होत्या.

"हितनं लई लांब हाईत त्या," मी म्हटलं.

"मग त्यांनी आधी," म्हातारबा म्हणाले आणि खाली बसले.

बाई मोडक्या इंग्रजीत बोलल्या. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. म्हणाल्या, कार्यकारिणीत मी पहिल्याच दिवशी तुमची रीत सांगितली. आता तिथंही लांबचा आधी बोलतो.

मग माझी पाळी आली. या माणसानं मला बोलायला शिकवलं, एवढंच मला सांगायचं होतं. मी घाई केली नाही. मागच्या भिंतीकडं बघत, तिथपर्यंत जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.