वाघाने बंद केलेला खिसा

उद्या सकाळी आम्ही गोव्याला निघतोय आणि माझं पॅकिंगमध्ये लक्षच लागत नाहीये. म्हटलं, तुमच्याशी बोलावं.

मुलांच्या बॅगा एकदम प्लेन निळ्या होत्या. कृष्णपुऱ्याच्या बाजारातून रंगीत कापडाच्या कतरनी आणून मी त्यावर चित्रं शिवली. धाकटीच्या बॅगेवर मासा, आठ वर्षांच्या अर्णवच्या बॅगेच्या पुढच्या खिशावर वाघ. घरात सगळ्यांनी कौतुक केलं.

अर्णवला दमा आहे. त्याचा पंप त्याच पुढच्या खिशात राहणार, हे ठरलेलं. आज दुपारी सहज म्हटलं, "बेटा, गर्दीत मी जवळ नसले तर पंप कसा काढशील? दाखव जरा."

त्याने चेन उघडली, पण हात आत घातला नाही. मी हात घालून पाहिला. बोटंसुद्धा आत जाईनात. वाघ शिवताना माझे टाके अस्तरातून आरपार गेले होते आणि खिसाच शिवला गेला होता.

"तुला माहीत होतं?"

"काल कळलं. पंप मी मोठ्या कप्प्यात ठेवलाय, कपड्यांच्या खाली."

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतकी मेहनत केली ना, आई. वाघ काढावा लागला असता."

वाघ उसवला. आता खिशात एक हात घालून परत शिवतेय, पण टाके वाकडे पडतायत. माझं मन राखायला तो अजून काय काय कपड्यांखाली ठेवत असेल?

तुमची मुलं तुम्हाला सगळं सांगतात का? कालपर्यंत मला वाटायचं, माझा सांगतो.